सोलापुरात पेर घ्यायचा तर मंडईबाहेरच्या चाचांकडं : रिव्ह्यू

सध्या सीझन चालू आहे म्हणून लगेच लिहितोय, दिवाळीनंतर लिहून काय उपयोग. लक्ष्मी मंडईच्या बाहेर फळवाल्यांची रांग लागते त्यात एक चाचा आहेत, हातगाडी आणि मागं रचलेली खोकी एवढंच त्यांचं दुकान, आणि श्रावणापासून दसऱ्यापर्यंत त्यांच्या गाडीवर बाकी फळं नावाला, मेन माल पेराचा, म्हणजे नासपतीचा. बोर्ड नाही, नाव नाही, पण तिथं कुणालाही 'नासपतीवाले चाचा' म्हणून विचारा, बोट दाखवतील. फळवाल्याचा काय रिव्ह्यू लिहायचा असं वाटेल पण सोलापुरात पेर या फळावर जो अन्याय होतो तो बघता मला हे लिहावंच वाटलं.

बाकी सगळीकडं विचारतात 'किती देऊ', हे विचारतात 'मालक, कधी खाणार?' आज रात्री जेवणानंतर म्हणलं तर एका खोक्यातनं काढतात, परवा म्हणलं तर दुसऱ्या खोक्यातनं, आणि आठवडाभर पुरवायचेत म्हणलं तर सरळ सांगतात 'मग बाबूगोशा नको मालक, नाख न्या' (दोन्ही पेराचेच प्रकार, फरक पुढं सांगतो). घरात म्हातारं माणूस आहे का, दात कसे आहेत, उपवासाला पाहिजे का शिजवायला पाहिजे, हे पण विचारतात. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला वाटतं की एवढी चौकशी कशाला, द्या की किलोभर, पण पेर विकायचा तर हाच प्रश्न विचारायला पाहिजे, कारण हे फळ चुकीच्या दिवशी कापलं की वाया जातं, आणि लोकांनी चुकीच्या दिवशी कापूनच त्याला बेचव ठरवून टाकलंय.

आपल्याकडं फळांची कमी नाही हे पण एक कारण असेल. डाळिंब घरचं, सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, द्राक्षं आहेत, बोरं आहेत, सीताफळं आहेत. त्यात पेर म्हणजे दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना सफरचंदासोबत पिशवीत टाकायचं फळ. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी पिकलेला पेर कधी खाल्लेलाच नाही, त्यांनी फक्त कच्चा खाल्लाय, तोही करकरीत फ्रीजमधनं काढून, आणि मग म्हणतात चव नाही हो याला. चव कुठनं लागणार?

मुळात गाडीवर दोन वेगवेगळी फळं असतात आणि आपण दोघांना पेर म्हणतो हा सगळा घोळ आहे. एक नाख, याला पत्थरनाख पण म्हणतात, गोलसर, हिरवट पिवळा, सालीवर बारीक ठिपके, पंजाबात अमृतसर, गुरदासपूर, तरणतारण त्या बाजूला होतो, जुलैच्या शेवटी ऑगस्टमध्ये तोडतात आणि आपल्याकडं श्रावणात येतो. हा आशियाई जातीचा. झाडावरच तयार होतो आणि कडक, रसदार असाच खायचा असतो, दातानं तोडला की पाणी सुटतं. हा मऊ व्हायची वाट बघत बसू नका, नाख मऊ पडला म्हणजे तो गेला. पंजाबात हे फळ लई जुनं आहे, सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग आला होता त्यानं लिहून ठेवलंय की कनिष्क राजाच्या वेळी चीनकडनं आलेले ओलीस पंजाबात राहिले आणि नासपती आणि पीच ही दोन फळं तिथं त्यांनी आणली. खरंखोटं तेव्हाचं तेव्हा, पण आजही जगात सगळ्यात जास्त पेर चीनमध्येच पिकतो.

दुसरा बाबूगोशा, आणि त्याच वळणाचा बार्टलेट. हे हिमाचल-काश्मीरकडनं येतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, खाली घेरदार, वर मान निमुळती. इंग्लंडमध्ये बार्टलेटलाच विल्यम्स म्हणतात, फळ तेच. यांचं गणित नाखाच्या बरोबर उलटं आहे. बार्टलेट झाडावर पिकू दिला तर गर पिठूळ होतो आणि गाभ्यापासनं सडायला लागतो, म्हणून तो पूर्ण वाढला की टणक असतानाच तोडतात आणि मग तोडल्यावर पिकवतात, आतल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, गर लोण्यावर येतो, वास सुटतो. त्यात काश्मीर म्हणजे सोलापूरपासून दोन हजार किलोमीटरच्या वर, मग ट्रकमध्ये टणकच भरणार ना. म्हणजे आपल्यापर्यंत जो बाबूगोशा पोचतो तो अर्ध्या वाटेवरचा असतो, उरलेली वाट आपल्या घरात पूर्ण करायची असते. हे चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, गर्दी असली तरी सांगतात, मला त्यांचं हेच आवडतं.

पिकला कसा ओळखायचा ते पण त्यांच्याचकडनं कळलं. पोट दाबून बघायचं नाही, मान बघायची. देठाच्या शेजारी अंगठ्यानं हलकंच दाबायचं, तिथं थोडं दबलं की त्या दिवशी कापायचा. कारण पेर आतनं बाहेर पिकत येतो, पोट मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभा तपकिरी होऊन गेलेला असतो, बाहेरनं मात्र फळ एकदम सुंदर दिसत असतं. बार्टलेट हिरव्याचा पिवळा होतो त्यामुळं रंगावरनं पण अंदाज येतो, पण सगळ्या जातींचं तसं नाही, परदेशी हिरवा पॅकहॅम येतो त्याचा रंग बार्टलेटइतका ठळक बदलत नाही, तिथं मानच कामाला येते. आणि गाडीवर प्रत्येक फळ दाबत बसू नका, चाचा चिडतात आणि बरोबर चिडतात, दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी काळा डाग येतो आणि तो डागाचा पेर नंतर कुणीच घेत नाही. शंका असली तर सांगा, ते स्वतः एक फळ कापून फोड हातात देतात.

गरात जे रेतीसारखं कचकच लागतं त्याबद्दल पण एकदा बोलणं झालं, कारण शेजारचं गिऱ्हाईक तक्रार करत होतं की माती लागलीय. माती नाही ती. पेराच्या गरात दगडपेशी असतात, पेशीच्या भिंती टणक होऊन तयार झालेले बारीक कण, नाखात जास्त आणि गाभ्याजवळ अजून जास्त. ज्यांना ते नको वाटतं त्यांनी गाभ्याच्या भोवतीचा भाग जरा जाड काढायचा, बाकी फळ मस्त लागतं.

आता घरी आणल्यावर. बाबूगोशा कडक असेल तर फ्रीजमध्ये टाकायचा नाही, हे आमच्या घरी आता लहान पोरांना पण पाठ आहे. एका दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अॅपवरनं मागवलेले पेर आमच्याकडं आले होते, बर्फासारखे गार आणि दगड, ते बाहेर ठेवून नीट पिकलेच नाहीत, एक बाजू मऊ एक बाजू कच्ची, आत काळपट. फ्रीजमध्ये जे चार-पाच डिग्रीचं तापमान असतं त्यात कच्चा पेर बरेच दिवस पडून राहिला की असंच होतं. मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये शून्याच्या आसपास ठेवतात ते वेगळं, तिथं पेर महिनोन्‌महिने टिकतो, आणि बार्टलेटसारख्याला तर थोडी थंडी मिळाल्यावर तो नंतर एकसारखा पिकतो. घरच्या फ्रीजनं ते जमत नाही.

तर कडक पेर वर्तमानपत्रात नाहीतर कागदी पिशवीत घालून स्वयंपाकघरात सावलीच्या कोपऱ्यात ठेवायचे, एकावर एक थर लावायचे नाहीत. घाई असेल तर त्यात एक पिकलेलं केळ ठेवा, केळातनं इथिलीन वायू निघतो त्यानं पेर लवकर तयार होतो. सोलापूरची हवा म्हणजे पाऊस पडला तरी दुपारी घाम निघतो, त्यामुळं पुस्तकात आठवडा लिहिला असेल तर आपल्याकडं त्याच्या निम्म्यातच बघायला सुरुवात करायची, रोज सकाळी मान दाबायची. मान दबली की मग फ्रीज. तयार झालेला पेर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस छान राहतो, थंडीनं पिकणं मंदावतं. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, गार पेराला वास कमी येतो.

नाखाचं सोपं, आणला की पुसून सरळ फ्रीजमध्ये, भोकं असलेल्या पिशवीत. बंद प्लास्टिकमध्ये ठेवला तर पाणी धरतं आणि देठाकडनं बुरशी येते. दोन आठवडे तर सहज निघतात. धुवायचं मात्र खायच्या वेळीच, दोन्हींना. आणि एक, फ्रीजमध्ये कोथिंबीर-मेथीच्या शेजारी पेर ठेवू नका, पेरातनं पण तोच इथिलीन वायू निघतो, त्यानं पाला पिवळा पडतो, गाजरं तर कडू होतात. आमच्या हिनं म्हणून फळांचा कप्पाच वेगळा केलाय.

खायचं म्हणाल तर नाख मला सगळ्यात जास्त आवडतो तो शेंगा चटणीसोबत. हसू नका, करून बघा. गार नाखाच्या जाड फोडी, वर आपली सोलापुरी शेंगा चटणी, ती उखळातली तेल सुटलेली असेल तर फारच भारी, आणि लिंबाचे दोन थेंब. गोड, पाणीदार फोड आणि त्यावर लसणाचा तिखट खमंगपणा. पाहुणे आले की आमच्याकडं आता हेच ठेवतो आणि प्लेट परत येते ती रिकामीच. लिंबू चवीसाठी आहेच पण त्यानं फोडी काळ्या पण पडत नाहीत, कापल्यावर हवा लागली की पेर तपकिरी होतो आणि आंबटानं ते थांबतं. डब्यात द्यायच्या असतील तर लिंबू पिळलेल्या पाण्यातनं बुडवून काढा.

श्रावण सोमवारी आई नाखाची कोशिंबीर करते. किसायचा नाही, किसला की सगळं पाणी सुटून चोथा राहतो, बारीक चिरायचा, दाण्याचा कूट, मीठ, हिरवी मिरची, लिंबू, वरनं तूप-जिऱ्याची फोडणी. साखर घालायची गरजच नाही. काकडीची कोशिंबीर खाऊन कंटाळलेल्या उपवासवाल्यांना ही फार आवडते. नाखाचं ताजं लोणचं पण होतं, कैरी नसते तेव्हा, मोहरीची डाळ, मेथीचे दाणे तळून कुटून, तिखट, मीठ, लिंबाचा रस आणि गार केलेली फोडणी. हे मुरवायचं लोणचं नाही, फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं.

बाबूगोशा शिजवायचा असेल तर चाचांना तसं सांगा, ते मान अजून कडक असलेला देतात. पूर्ण पिकलेला शिजवला की त्याचा लगदा होतो. साल काढायची, उभे दोन भाग, चमच्यानं गाभा खरवडायचा. पसरट पातेल्यात गूळ आणि पाणी, गूळ विरघळला की गाळून घ्यायचा कारण गुळात कचरा असतोच, मग त्यात सुंठेची चिमूट, वेलदोडे, दालचिनीचा छोटा तुकडा, पेराचे भाग पालथे घालायचे आणि झाकण ठेवून मंद गॅसवर. मध्ये एकदा उलटायचे. सुरी सहज आत गेली की गॅस बंद, पण पेर लगेच काढायचे नाहीत, त्याच पाकात गार होऊ द्यायचे, पाक आत मुरतो तेव्हाच खरी चव येते. राहिलेला पाक आटवून वरनं घालायचा. सोबत घट्ट चक्का नाहीतर साय. कोजागिरीला आटीव दुधासोबत केलं होतं, दूध बाजूला राहिलं आणि लोक पातेल्यातले पेर संपवत बसले. साखरेत पण होतं पण गुळाचा रंग आणि खमंग वास पेराला जास्त शोभतो असं माझं ठाम मत आहे.

जास्त पिकून गेलेले, डाग पडलेले उरले तर टाकू नका. डाग काढून फोडी करायच्या, थोड्या तेलात मोहरी, लाल मिरची, किसलेलं आलं, त्यात फोडी, गूळ, मीठ आणि थोडं काळं तिखट घालून घट्ट होईपर्यंत शिजवायचं, शेवटी भरपूर लिंबू. पेरात मूळचा आंबटपणा कमी असतो त्यामुळं लिंबात कंजुषी केली तर चटणी नुसती गोडमिट्ट लागते आणि टिकतही नाही. कडक भाकरीवर ही चटणी आणि लोण्याचा गोळा, संध्याकाळचं जेवण झालं. शिरा पण करून बघितला, बरा होतो, पेराचं पाणी सुटतं म्हणून दूध-पाणी नेहमीपेक्षा कमी घालावं लागतं, पण केळ्याच्या शिऱ्याची सर त्याला येत नाही.

तब्येतीचं थोडं सांगतो कारण चाचांच्या गाडीवर निम्मे लोक त्यासाठीच येतात. शंभर ग्रॅम पेरात साधारण तीन ग्रॅम फायबर असतं, सालीसकट खाल्ला तर, आणि सॉर्बिटॉल नावाचा साखरेच्या जातीतला एक पदार्थ असतो जो पाणी ओढून पोट साफ करायला मदत करतो. म्हणून ज्यांना पोट साफ व्हायचा त्रास आहे त्यांना पेर मानवतो. पण त्याच कारणानं ज्यांचं पोट नाजूक आहे, लगेच गॅस होतो, त्यांनी एका बैठकीत दोन-तीन हाणू नयेत. माझ्या वडिलांना कवळी आहे, सफरचंद त्यांना चावत नाही, पिकलेला बाबूगोशा मात्र ते चमच्यानं खातात आणि सीझन संपला की विचारत राहतात.

नवरात्रानंतर कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारे आपल्याकडं हजारो लोक, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचं अंतर, त्यांच्यासाठी एक सांगणं आहे, पिशवीत केळी घेता ती चेंगरून जातात, त्याऐवजी दोन-चार नाख टाका. तोपर्यंत कोल्ड स्टोरेजचा माल मिळतो. चेंगरत नाही, तहान भागते, सोलायची भानगड नाही.

आता चाचांच्या गाडीबद्दल जे पटत नाही ते. भाव थोडा जास्त आहे. परवाच्या रविवारी नाख 120 रुपये किलो होता, बाबूगोशा 200, परदेशी पॅकहॅम 280, आणि रांगेतच पुढं दुसऱ्या गाडीवर नाख वीस रुपये कमी होता. घासाघीस चालत नाही, 'मालक, सडका निघाला तर आणून द्या, बदलून देतो, पण भाव हाच' असं म्हणतात आणि बदलून खरंच देतात, माझ्या शेजाऱ्यांना दिलाय. तर मला ते वीस रुपये जड वाटत नाहीत पण ज्यांना दहा किलो न्यायचेत, चटणी-लोणच्यासाठी, त्यांनी सकाळी मार्केट यार्डात जाऊन खोकंच घ्यावं, तिथं खोक्याच्या भावात बराच फरक पडतो, निवडायला मात्र मिळत नाही आणि खालच्या थरात काय आहे ते घरीच कळतं. दुसरं, परदेशी पेराला त्यांच्याकडं मला तरी अर्थ वाटत नाही, आपला बाबूगोशा ताजा असताना जास्त पैसे देऊन जहाजानं आलेला कशाला घ्यायचा, तो आपल्या फळाचा सीझन संपल्यावर घ्यायचा. पण तिथंही चाचा खोटं बोलत नाहीत, स्टिकर काढून काश्मीरचा म्हणून विकत नाहीत, असं करणारे बघितलेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

तिसरं म्हणजे पार्किंग. संध्याकाळी तिकडं फोर व्हीलर घेऊन जायचा विचारच करू नका, टू व्हीलर पण लांब लावून चालत जावं लागतं. पावसात गाडीवर ताडपत्री असते पण गिऱ्हाइकाच्या डोक्यावर काही नसतं. क्यूआर कोड आहे, रेंज नसली की अडतं, थोडे सुट्टे जवळ ठेवा. इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आकडा आपल्याकडं तोंड करून ठेवतात. कॅरीबॅग देत नाहीत, कापडी पिशवी न्या, आणि पेर पिशवीत सगळ्यात वर ठेवा, खाली बटाटे-कांदे आणि वर पेर, उलटं केलं तर घरी जाईपर्यंत डाग.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा पार्किंगचा कापला. मंगळवारी जाऊ नका, माल शिळा असतो, नवीन गाडी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी खोकी उघडतात तेव्हा जा, कधी येणार ते चाचांना विचारलं की सांगतात. संध्याकाळी सातनंतर बाबूगोशाचं आज-खायचं खोकं बहुतेक संपलेलं असतं, मग फक्त परवाचे मिळतात. जाताना कधी खाणार ते ठरवूनच जा, कारण ते विचारणारच.